‘असल्या आया’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही त्यामुळे दादा म्हणू की काका कळत नाहीये, नुसतं तुम्ही म्हणते. मागच्या आठवड्यातल्या ‘पोराचा पहिला सिंहगड’ या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली, ती मी काढलेली नाही, खाली तशीच आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की परीक्षा तोंडावर असताना मी पहिलीतल्या मुलाची शनिवारची शाळा बुडवली, मार्चच्या उन्हात त्याला गड चढायला लावला, फोटोतलं झाड पळस नाही पांगारा आहे एवढंही मला कळत नाही, तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला कधी कुठे नेलं नाही तरी तुमचं काही बिघडलं नाही. आणि शेवटी हे वाक्य: “असल्या आया मुलांना फिरायला नेत नाहीत, फोटो काढायला नेतात.”

पहिल्यांदा झाडाचं सांगून टाकते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. तो पांगाराच आहे. मी फोटो मोठा करून पाहिला, फांदीवर काटे दिसतायत आणि फुलांचा रंग लालभडक आहे, पळसाच्या फुलाला केशरी झाक असते आणि कळीचं देठाकडचं टोक काळपट मखमली असतं. दोन्ही झाडं या दिवसांत पानं गाळून बसतात, दोघांची पानंही तीन-तीनची, त्यामुळे लांबून गाडीतून बघताना माझी गल्लत झाली. चूक मान्य. लेखात दुरुस्त केलंय.

शाळेचं म्हणाल तर यंदा, म्हणजे 2025 ला, पहिली ते नववीच्या परीक्षाच राज्यभर 8 ते 25 एप्रिलच्या दरम्यान ठेवल्यात, त्यात पहिलीचा पेपर अगदी शेवटी. आम्ही गेलो 22 मार्चला. महिन्याभरावर असलेल्या पहिलीच्या परीक्षेला तोंडावर आलेली म्हणत असाल तर त्यावर मला वाद घालायचा नाही. उन्हाचं म्हणाल तर पाणी होतं, लिंबू-सरबत होतं, सव्वासहाला पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायला लागलो होतो. उतरताना अकरा वाजले हे मीच लेखात लिहिलंय, लपवलेलं नाही. पोराला काही झालं नाही. विषय संपला.

पण ते शेवटचं वाक्य. ते मी दोन दिवस विसरायचा प्रयत्न केला, नाही झालं.

“असल्या आया” म्हणजे कसल्या हो? तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरी कधी आलेला नाहीत, माझं मूल तुम्ही पाहिलेलं नाही, आणि एका लेखातल्या चार फोटोंवरून तुम्ही मला एका जमातीत टाकून मोकळे झालात. मुद्दा मांडायचाच होता तर सरळ मांडता आला असता, “ताई, लहान मुलाला उन्हात उतरवू नका” एवढं म्हणाला असतात तर मी दोन शब्द ऐकून घेतले असते, कदाचित आभारही मानले असते. या ब्लॉगवर गेली आठ वर्षं लोक मला चुका दाखवतायत आणि मी त्या दुरुस्त करत आलेय. पण आई या शब्दाच्या आधी “असल्या” लावायचं आणि वर स्पष्ट बोलतो म्हणून मिरवायचं, हे मला नाही चालत. समोर बसून हे वाक्य तुम्ही माझ्या तोंडावर बोलला असतात का, एवढं स्वतःला विचारा.

आता फोटोंचं. तुम्हाला ज्या फोटोचा सगळ्यात राग आलाय, पोरगं तोंड उघडून उभं आहे तो, त्यात काय चाललंय ते तुम्हाला कळलेलंच नाही. गडावर देवटाकं म्हणून पाण्याचं टाकं आहे, त्याच्या अलीकडे एक मावशी कैरीच्या फोडी विकत बसतात, तिखट-मीठ लावून. त्याने एक फोड चावली आणि थांबला. रडला नाही. बोट तोंडात घातलं आणि खालचा पुढचा दात तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला, तांदळाच्या दाण्याएवढा, मुळाशी जरा रक्त. दोन आठवडे हलत होता तो दात. मी ओढणीने तोंड पुसलं, मावशींनी चूळ भरायला पाणी दिलं, आणि मग त्याने त्या फटीतून श्वास आत घेतला आणि म्हणाला, आई, इथून वारा जातोय. तो सारखा वारा घेऊन बघत होता तेव्हा मी फोटो काढला. पहिला दात एकदाच पडतो. त्याच्या बाबांना ड्युटी होती म्हणून ते आले नव्हते, त्यांना दाखवायला दुसरं काय होतं माझ्याकडे?

आणि फोटो काढायला मला एवढं का लागतं ते पण सांगते, कारण तुम्ही तुमच्या लहानपणाचा दाखला दिलात म्हणून मला माझं सांगायचा हक्क आहे.

माझे वडील सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात पॅनवर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरतात ते काम. सीझन दिवाळीच्या आसपास सुरू व्हायचा आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, तीन पाळ्या, सुट्टी नाही, आजारपण नाही. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी पडायची, वडिलांच्या शर्टाला मळीचा वास, आणि भोंग्यावर आमचं घड्याळ. हे पाच-सहा महिने वडील म्हणजे घरात झोपलेला एक माणूस आणि आईचं “हळू बोला गं” एवढंच. होळीला ते पाळीवर. पाडव्याला गुढी आईच उभारायची, कडुलिंब-गूळ आईच वाटायची, साखरेच्या गाठींची माळ आमच्या गळ्यात आईच घालायची, आणि वडिलांच्या वाटणीची माळ खुंटीला लटकत राहायची, तिला मुंग्या लागायच्या. गाठी ज्या साखरेच्या करतात ती साखर करणारा माणूस पाडव्याला घरी नसायचा. म्हणून आमच्याकडे वसंत ऋतू पंचांगात यायचा नाही, पट्टा पडला की यायचा. भोंगा थांबायचा आणि एकदम शांत वाटायचं, त्या शांततेतच आम्ही उड्या मारायचो.

दर वर्षी म्हणायचे, यंदा पट्टा लवकर पडला की जोतिबाला जाऊ. चैत्र पौर्णिमेची यात्रा. आणि ऊस शिल्लक राहायचा, कारखाना एप्रिल संपेपर्यंत चालायचा, यात्रा निघून जायची. एकदाच जमलं, 1996 ला, मी सहा वर्षांची होते, म्हणजे माझा मुलगा आत्ता आहे तेवढी. एसटीने कोल्हापूर, तिथून जोतिबाच्या डोंगरावरचं वाडी रत्नागिरी. गर्दीत माझी चप्पल गेली म्हणून वडिलांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या काठ्या, दिसत होत्या, उंचच्या उंच, एकामागून एक डुलत येणाऱ्या, आणि खाली गुलालाने सगळा डोंगर गुलाबी, माणसांची डोकी गुलाबी, वडिलांचे केस गुलाबी. मी त्यांचे कान धरून बसले होते. चांगभलं ओरडले की त्यांचे खांदे हलायचे ते मला मांडीला कळायचं.

त्या दिवसाचा एकही फोटो नाही. कॅमेरा कुणाकडे होता? वडील 2009 ला गेले. माझ्याकडे त्यांचे तीन फोटो आहेत, एक लग्नातला, एक ओळखपत्राचा, एक कारखान्याच्या सत्काराचा, आणि तिन्हीत ते ताठ उभे आहेत. कान धरून बसलेली मी आणि गुलाबी केसांचे ते, हे फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि खरं सांगायचं तर हल्ली त्यांचा चेहरा मला त्यात नीट दिसत नाही, केस दिसतात, चेहरा सत्काराच्या फोटोतला येऊन बसतो. माझ्या मुलांचं असं होऊ नये म्हणून मी फोटो काढते. मी असले नसले तरी त्यांच्याकडे असावेत म्हणून काढते. याला तुम्ही दिखावा म्हणणार असाल तर म्हणा, पण मग तुमच्या घरातले अल्बम आधी कपाटातून काढून टाका.

तुम्ही लिहिलंत, आम्हाला कुठे नेलं नाही, आमचं काही बिघडलं नाही. मलाही एकदाच नेलं. माझंही काही बिघडलं नाही. पण ते एकदा नसतं तर माझ्याकडे वडिलांचं काय उरलं असतं याचा मी खूप वेळा विचार केलाय. तुमच्या आईवडिलांना जमलं नसेल, माझ्या वडिलांनाही जमत नव्हतं, त्यांना मी दोष देत नाही आणि तुमच्यांनाही देत नाही. मला जमतंय. नवऱ्याच्या पाळ्या, धाकटीचं अजून अंगावर पिणं, माझं ऑफिस, हे सगळं जुळवून वर्षातून चार सकाळी जमतात, त्यातली एक ही होती. धाकटी अकरा महिन्यांची आहे, गडावर माझ्या पाठीवर होती, आणि परवा पाडव्याला गुढीच्या पाटाला धरून उभी राहिली आणि पाट सोडून दोन पावलं टाकली. त्याचाही फोटो आहे. तोही मी टाकणार आहे.

अजून एक. प्रतिक्रियेत तुम्ही मला “बाई” म्हणालात, ते संबोधन करताना जरा जपून. शाळेतल्या बाईंना आम्ही आदराने बाई म्हणतो, तुमच्या वाक्यात तो आदर मला दिसला नाही. पुन्हा लिहाल तर नावानिशी लिहा, मी उत्तर देईन. असंच लिहिणार असाल तर नाही देणार.

12 एप्रिल 2025 ला चैत्र पौर्णिमा आहे, शनिवार आहे, शाळा परत बुडेल, आधीच सांगून ठेवते. मुलाचा दात सध्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय, कारण आमच्या बिल्डिंगला वर स्लॅब आहे. माहेरी अजून कौलं आहेत. आधी तिथे जाऊन दात कौलावर टाकायचा, आजीच्या हातचं जेवायचं आणि मग पहाटेच्या एसटीने जोतिबाला. त्याला खांद्यावर त्याचे बाबा घेणार आहेत, रजा मंजूर झालीय. फोटो मी काढणार आहे.