दुसरे दोशी

सोलापुरात कुणी कॉलेजला देणगी दिली की पहिला प्रश्न ठरलेला. नाव कुठं लावायचं? हॉलवर, कमानीवर, गेलाबाजार पाण्याच्या टाकीवर? नावाला माझा विरोध नाही. आपल्या गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, ते वाचून मलाही बरं वाटतं. पण दुसऱ्या एका दोशींचं नाव गावात फारसं निघत नाही.

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. १९४० साली त्यांच्या मनात आलं, कमावलेला पैसा चांगल्या कामी लागावा. असं बऱ्याच शेठजींच्या मनात येतं. पण काम कोणतं, हे यांनी एकट्यानं ठरवलं नाही. देशभर फिरून विद्वानांना विचारलं. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांना नाशिकजवळ गजपंथ या जैन तीर्थावर एकत्र बसवलं. तिथं जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला, त्याला ३०,००० रुपये दिले. १९४४ मध्ये तर सगळी, सुमारे दोन लाखांची मालमत्ता ट्रस्टला देऊन मोकळे झाले!

पैसा गेला कशात? जुने ग्रंथ संपादून छापण्यात: पोथ्या ताडून बघणं, पाठभेद नोंदवणं, प्रुफं तपासणं. फीत कापायला काही नाही, फोटोला काही नाही. संघाच्या ग्रंथमालेत कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ‘तिलोयपण्णत्ती’चा, म्हणजे विश्वरचनेवरच्या जुन्या जैन ग्रंथाचा, पहिला भाग १९४३ मध्ये निघाला. ‘शेवटी दिलं ते आपल्याच धर्माला ना?’ असं कुणी म्हणेल. दिलंच. पण हा प्राकृत ग्रंथ गणिताच्या इतिहासाचे अभ्यासकही उघडतात. १९४९ मध्ये याच ग्रंथमालेत कृष्णकांत हंदिकी यांचा ‘यशस्तिलक’ या जुन्या संस्कृत काव्यावरचा ग्रंथ आला. हंदिकी म्हणजे गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांनी पुढं स्वतःचा ग्रंथसंग्रह विद्यापीठाला देऊन टाकला. आसामातल्या अशा माणसाचं पुस्तक सोलापुरातून निघतं, आणि आपल्याकडं विद्यापीठ यायला २००४ उजाडतं.

ग्रंथमालेला जीवराजांचं नाव आहे, हेही सांगायला हवं. म्हणजे नाव लागलंच, पण पुस्तकावर.

आज विद्यापीठाला काही द्यायचं मनात असेल त्यांनी आधी ग्रंथपालाला भेटावं, पीएच.डी. करणाऱ्या चार पोरांना चहाला बोलवावं, काय अडलंय ते विचारावं. कुणाचं हस्तलिखित बघायला जायचं गाडीभाडं अडलेलं असेल, कुणाचा प्रबंध छपाईवाचून पडून असेल. कमानीचं नंतर बघू.

आणि घरात माळ्यावर या ग्रंथमालेची एखादी जुनी प्रत असेल तर रद्दीत घालू नका. सुरुवातीच्या पानांत जीवराजांची हकीकत छापलेली असते, तेवढी तरी वाचा.