वरण-बट्टी करण्याआधी राजपत्र वाचा

येत्या रविवारी वरण-बट्टीचा बेत असेल तर आधी गोवऱ्या आणि जाडं पीठ बघायला धावू नका. मोबाइल काढा आणि विदेश व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना वाचा. तुरीची आयात मुक्त आहे की निर्बंधित? निर्बंधित असेल तर कोटा, म्हणजे वर्षाला बाहेरून किती माल आणू द्यायचा ती मर्यादा, किती टनांचा? एवढं कळल्याशिवाय कुकर लावू नये.

‘आपल्या जळगावात एवढ्या दाळ मिल, आपल्याला कसली चिंता?’ असा बाळबोध प्रश्न विचारू नका. मिलमध्ये दाळ बनते, तूर नाही बनत. ती कधी पारोळ्याहून येते, कधी म्यानमारहून, कधी मोझांबिकहून. कुठून आली हे ताटात कळत नाही, बिलात कळतं.

आता थोडा इतिहास पाठ करा, पाहुण्यांसमोर उपयोगी पडतो. २०१५ मध्ये तूरदाळ २०० रुपये किलोवर गेली. २०१६ मध्ये सरकारने मोझांबिकशी तुरीचा करार केला. तोवर आमच्या आप्पांनीही कपाशीतल्या तुरीच्या ओळी वाढवल्या होत्या. पीक असं आलं की घरात पाय ठेवायला जागा नाही. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, पण खरेदी केंद्रावर बारदान नाही. आप्पा दोन रात्री ट्रॅक्टरखाली झोपले आणि तिसऱ्या दिवशी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला घालून आले. मग ५ ऑगस्ट २०१७ ला आयातीवर वर्षाला २ लाख टनांचा कोटा लागला. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी! बैल गेला अन् झोपा केला, पण झोपा काय भक्कम होता! आप्पा एवढंच म्हणाले, “तूर घरमा उनी का भाव पडनाच समज.”

अख्ख्या देशाला वर्षाला ४० लाख टनांहून जास्त तूर लागते, त्यात २ लाख म्हणजे किती, असला हिशेब तुम्ही करू नका. तो करायला किराणा दुकानदार आहे. कोट्याची बातमी टीव्हीवर आली त्या संध्याकाळी मी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात उभा होतो. पोतं तेच, कालचंच, तोंडाशी तेच माप खोचलेलं. फक्त पाटीवरचा आकडा ओल्या बोटाने पुसून नवा लिहिला गेला. “काल तर कमी होता,” म्हणालो. “कालना भाव विसरी जा, भाऊ. आते बाहेरना माल येवाव नही.” पुढे २०१९ मध्ये कोटा वाढवून ४ लाख टन झाला तेव्हा मी मोठ्या आशेने गेलो. तेव्हा पोत्यातला माल जुना, म्हणजे महागात घेतलेला निघाला. चढताना बातमीचा भाव आणि उतरताना पोत्याचा भाव, हा व्यवहार एकदा समजला की रक्तदाब वाढत नाही.

तुम्हाला खरंच स्वस्त दाळ खायची असेल तर माझा सल्ला सरळ आहे: शेतकरी होऊ नका, गिऱ्हाईक तर मुळीच होऊ नका, कोट्यातली तूर बाहेरून आणायचा परवाना मिळवा, परवानाधारक व्हा. समजा बाहेरची तूर बंदरात ६० रुपये किलोने पडली आणि कोट्यामुळे इथला भाव ८० आहे. जकात लावली असती तर मधल्या २० रुपयांतले काही तरी सरकारी तिजोरीत गेले असते. कोट्यात ते परवाना ज्याच्या नावावर त्याच्याकडे जातात, आणि देणारे तुम्ही-आम्ही. घाई मात्र करावी लागते. परवान्यावर माल पोहोचवायची शेवटची तारीख असते, मोझांबिकची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते आणि जहाज काही आपल्या एसटीसारखं हात दाखवून थांबत नाही.

शेवभाजीवाल्यांनी वेगळा अभ्यास करावा. शेव बेसनाची, बेसन हरभऱ्याचं, आणि हरभरा महागला की पिवळा वाटाणा दळला जातो हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. त्या वाटाण्यावर डिसेंबर २०१९ मध्ये दीड लाख टनांचा कोटा, किलोला किमान २०० रुपये आयात किंमत (त्याहून स्वस्त माल आणायचाच नाही), आणि उतरवायचा तर फक्त कोलकाता बंदरात, अशी तिहेरी कडी घातली. कोलकाताच का, हे विचारणाऱ्याला दुसरी वाटी रस्सा मिळत नाही. मग डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या कड्या काढल्या आणि जकातही शून्य केली. आमच्याकडे तेव्हा हरभरा पेरून झाला होता. वेळ साधणं यालाच म्हणतात.

तुरीची आयात तर मे २०२१ मध्येच मुक्त झाली, त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ. त्यामुळे आप्पा आता जानेवारीत तूर विकतात आणि जूनमध्ये जळगावला आले की माझ्याकडून दोन किलो दाळ घेऊन जातात. भाव विचारत नाहीत. मीही सांगत नाही.

तर रविवारी बट्ट्या तुपात बुडवा. वरण एवढं पातळ का, असं कुणी विचारलंच तर ‘कोट्यातलं आहे’ म्हणा आणि पुढची वाटी भरा.