जिनोआची चूक एकट्या जेरीची नव्हती

'द न्यूजरूम' या वृत्तवाहिनीवरच्या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला जिनोआचा घोटाळा, म्हणजे 'जिनोआ' मोहिमेत अमेरिकी सैन्याने सॅरिन हा विषारी वायू वापरल्याची चुकीची बातमी, एका निर्मात्याने मुलाखतीची टेप कापल्यामुळे झाला, असं मालिकेवरच्या एका लेखात म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. त्या निर्मात्याने, जेरी डँटानाने, मुलाखत दिलेल्या जनरलच्या वाक्यातला 'जर' कापला, आणि 'जर सॅरिन वापरला असेल तर' याचं 'सॅरिन वापरला' झालं. पण बाकीचे दुवेही कच्चे होते: साक्ष देणाऱ्या एका सैनिकाच्या मेंदूला इजा झालेली होती, दुसऱ्याला प्रश्नातूनच उत्तर सुचवलं गेलं, आणि वृत्तविभागाचा प्रमुख चार्ली याला पुरावा म्हणून मिळालेला कागद सूडापोटी बनवलेला खोटा होता. दुसरा साक्षीदार पहिल्याचंच ऐकून बोलत असेल, तर तो दुसरा स्रोत धरायचाच नाही.

चोरी पकडली जाते ती मागे टीव्हीवर चाललेल्या बास्केटबॉल सामन्यातल्या शॉट क्लॉकमुळे, म्हणजे चेंडू टाकायला उरलेले सेकंद उलटे मोजणाऱ्या घड्याळामुळे. आकडे मध्येच उडी मारतात. संकलनात शब्द काढला की चित्र हलतं. एरवी ते झाकायला हातांचा किंवा प्रश्नकर्त्याचा शॉट वर टाकतात. म्हणून प्रक्षेपणाआधी न कापलेली टेप, मुलाखतीला हजर नसलेल्या माणसाने, पूर्ण बघायला हवी. जेरीबरोबर गेलेली सहकारी मॅगी हिला मुलाखतीच्या वेळी खोलीबाहेर थांबावं लागलं होतं, तिथेच दुसरा कान गेला.

या कथेमागे सीएनएनचं जून १९९८ मधलं 'ऑपरेशन टेलविंड'चं वृत्त आहे, हे लेखात यायलाच हवं होतं. अमेरिकी सैन्याने लाओसमध्ये १९७० साली सॅरिन वापरल्याचा तो दावा वाहिनीने जुलैमध्ये मागे घेतला.