आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपल्या महाविद्यालयाच्या 40 संगणकांच्या लॅबबद्दल आपण तीन तक्रारी मांडल्या आहेत: दिवाळीच्या सुट्टीनंतर उरलेल्या 12 संगणकांवर डेबियन (लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चढेना, आमच्या सर्व्हरमुळे ग्रंथालयाचे इंटरनेट अर्धा दिवस बंद राहिले, आणि पेनड्राइव्हने भागणाऱ्या कामासाठी आम्ही मिररचा (डेबियनच्या पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या फायलींची, लॅबमधल्या सर्व्हरवरची प्रत) खर्च गळ्यात मारला. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत. तिसरी आम्हाला मान्य नाही.

सुट्टीपूर्वी 28 संगणक नेटवर्कवरून बूट करून उभे केले, तेव्हा टीएफटीपी फोल्डरमधला (नेटवर्कवरून बूट होणाऱ्या संगणकांना जिथून फायली मिळतात तो सर्व्हरवरचा फोल्डर) इन्स्टॉलरचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मिररमधली पॅकेजे एकाच पॉइंट रिलीजची (दुरुस्त्या एकत्र करून काढलेल्या उपआवृत्तीची) होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीचे असे रिलीज साधारण दर दोन महिन्यांनी येतात. सुट्टीत तसे एक आले, रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉनने मिरर इमानेइतबारे ताजा केला आणि जुनी पॅकेजे पुसून टाकली; टीएफटीपी फोल्डरमध्ये मात्र आम्ही हाताने ठेवलेला जुनाच कर्नल राहिला. नेटबूटचा इन्स्टॉलर आपली कर्नल मॉड्यूल (हार्डवेअर वगैरे चालवणारे कर्नलचे सुटे भाग) मिररमधून आणतो आणि ती त्याच्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचीच लागतात. ती न सापडल्याने 'मॉड्यूलशिवाय पुढे जायचे का' असा प्रश्न पडद्यावर आला, आणि आपल्या लॅब सहायकांनी तिथेच थांबून आम्हाला फोन केला, हे त्यांनी योग्यच केले. आता डेबमिररला (मिरर ताजा करणाऱ्या प्रोग्रामला) इन्स्टॉलरच्या फायलीही आणायला सांगितले आहे आणि मिरर ताजा झाला की कर्नल व इनिटआरडी (बूट होताना कर्नलसोबत लागणारी फाइल) या दोन्ही फायली त्याच स्क्रिप्टमधून टीएफटीपी फोल्डरमध्ये जातात. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

ग्रंथालयाचा प्रकार तर निव्वळ आमच्या हलगर्जीपणाचा आहे. लॅब आणि ग्रंथालय यांचे स्विच एकाच नेटवर्कमध्ये आहेत, हे न विचारताच आम्ही सर्व्हरवर स्वतंत्र डीएचसीपी (संगणकांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) सुरू केला. ज्या संगणकांना राउटरआधी आमच्या सर्व्हरने उत्तर दिले, त्यांना गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचा मार्ग) नसलेला पत्ता मिळाला आणि ते बाहेर पोहोचेनात. आता डीएनएसमास्क (ही सेवा देणारा प्रोग्राम) प्रॉक्सी पद्धतीने चालवला आहे; पत्ते राउटरच देतो, आमचा सर्व्हर फक्त बूट फाइल कुठे आहे एवढेच सांगतो. ग्रंथपालांची आम्ही समक्ष भेटून माफी मागितली आहे, आपलीही येथे मागतो.

राहिला मिरर. चार-पाच संगणक असते तर पेनड्राइव्ह घ्या असे आम्हीच सांगितले असते. पण एका संगणकाला अद्ययावत पॅकेजांसह सुमारे दीड जीबी उतरवावे लागले असे धरले, तरी 40 संगणकांचे 60 जीबी होतात, आणि आपल्या 50 एमबीपीएसच्या लाइनवर दुसरे कोणीही काही करत नसताना त्याला पावणेतीन तास लागतात; शिवाय हे दर सत्राच्या सुरुवातीला, कार्यालयातले ऑनलाइन प्रवेश चालू असताना. मिररमधून तीच पॅकेजे लॅबच्या गिगाबिट स्विचवरूनच येतात. भाषा, विभाजने, वापरकर्ते यांची उत्तरे प्रीसीड फाइलमध्ये एकदाच लिहिलेली असल्याने 40 वेळा टाइप करावी लागत नाहीत. डिस्कही आम्ही गरजेपुरतीच घेतली: मिररमध्ये एकच आवृत्ती, फक्त एएमडी64 (64-बिट पीसींसाठीची पॅकेजे) आणि सुरक्षा अद्यतने आहेत, सोर्स पॅकेजे घेतलेली नाहीत. अर्थात हा हिशेब कोटेशनसोबत आपल्याला दिला असता, तर ही तक्रार कदाचित लिहिलीच गेली नसती.

येत्या शनिवारी सकाळी आमचे दोघे जण येऊन उरलेले 12 संगणक विनामूल्य पूर्ण करतील आणि मिररची देखभाल कशी करायची याचे मराठीतले दोन पानी टिपण लॅब सहायकांकडे देतील. त्याआधी त्या 12 संगणकांच्या बायोसमध्ये नेटवर्क बूट चालू करून ठेवता आले, तर दुपारच्या प्रात्यक्षिकाला लॅब मोकळी मिळेल.