अलार्म कोणता ते नंतर बघू, बसवणार कोण ते सांगा

घरात चोरीविरोधी अलार्म बसवायचा म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या कंपनीचा घेऊ?" हल्ली हे इतक्यांदा विचारलं जातंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. माझ्या मते कंपनी दुय्यम आहे. बरे पॅनल (यंत्रणेचा मुख्य नियंत्रण-डबा) आणि बरे सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. पण उत्तम सेन्सर चुकीच्या भिंतीवर ठोकला की तो शोभेपुरताच उरतो, आणि तो ठोकणाऱ्या माणसाची चौकशी मात्र कोणीच करत नाही.

फोनवर "किती खोल्या? तीन? मग चार सेन्सर, एक सायरन, उद्या पोरगा पाठवतो" असं सांगणाऱ्याला मी तिथेच नको म्हणेन. घर न बघता सेन्सरचा आकडा सांगणारा माणूस खोके विकतोय.

जाणता माणूस आधी घराबाहेरून एक चक्कर मारतो. रस्त्यावरून न दिसणारी खिडकी कुठली, पाइप धरून कुठल्या गॅलरीत चढता येईल, मागच्या दाराची चौकट किती भक्कम आहे, हे बघतो. मग आत येऊन तुम्हाला भंडावून सोडतो. रात्री पाण्याला कोण उठतं? घरात कुत्रा-मांजर आहे का? म्हातारं माणूस कीपॅडवरचे आकडे वाचू शकेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सायरन वाजला तर येणार कोण? हा शेवटचा प्रश्न तुम्हाला कोणी विचारलाच नसेल, तर तुमची यंत्रणा अर्धवटच आखलेली आहे. पोलीस येतीलच असं गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने खोट्या अलार्मांना कंटाळून 2000 साली नियमच केला, की जागेवर कोणीतरी खात्री केल्याशिवाय नुसत्या अलार्मवर पोलीस जाणार नाहीत. वारंवार विनाकारण बोंबलणारा अलार्म शेजारीही काही दिवसांत ऐकेनासे होतात.

एखादा म्हणाला, "ताई, आधी या दाराचं कुलूप बदला, सेन्सरचं मग बघू," तर त्याला सोडू नका. अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त ओरडतो. अडवायचं काम दाराखिडक्यांचं. स्वतःच्या विक्रीच्या आड येणारा सल्ला देणारा माणूस दुर्मीळ असतो.

आता जरा खोलात. खोलीच्या कोपऱ्यात बसतो तो पीआयआर सेन्सर हलणारी उष्णता टिपतो. त्याच्या नजरेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे असतात, आणि माणूस ते पट्टे आडवे ओलांडतो तेव्हा तो चटकन ओळखतो. सरळ त्याच्या रोखाने चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून चांगला तंत्रज्ञ आधी चोर कुठून शिरेल ते ठरवतो आणि त्याची वाट आडवी कापली जाईल असा कोपरा शोधतो. वायर ओढायला सोपा म्हणून दारासमोरचा कोपरा निवडत नाही. थेट ऊन येणारी खिडकी, एसीचा झोत, हीटर यांच्याकडे सेन्सरचं तोंड करत नाही. उंची साधारण 2 ते 2.4 मीटर, पण तीही त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून. आणि काच ही उष्णता आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे "आतला सेन्सर खिडकीबाहेरचा माणूससुद्धा पकडेल" असं सांगणाऱ्याला दार दाखवा. पाळीव प्राणी चालणारे सेन्सर मिळतात, पण प्राणी जमिनीवरच राहील या हिशेबावर ते चालतात. तुमची मांजर कपाटाच्या माथ्यावर झोपत असेल तर ते आधीच सांगा. खरं तर त्याने आधीच विचारायला हवं.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून जास्त महत्त्वाची. वायरवाल्या यंत्रणेत सेन्सरच्या जोडणीत एक छोटा रेझिस्टर असतो, म्हणजे विजेच्या वाटेत ठरावीक अडथळा (रोध) आणणारा भाग, तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर रंगीत पट्टे. पॅनल सतत तो रोध मोजत असतो. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो, दोन तारा एकमेकींना चिकटवल्या तर शून्य होतो, आणि दोन्ही वेळा पॅनलला गडबड कळते. पण हे घडायला तो रेझिस्टर वायरच्या टोकाला, म्हणजे सेन्सरच्या आत असावा लागतो. आळशी माणूस सगळे रेझिस्टर पॅनलच्या डब्यातच लावून मोकळा होतो. वेळ वाचतो, चाचणीतही सगळं ठीक दिसतं. मात्र वाटेत कुठे तारा चिकटल्या किंवा कोणी मुद्दाम चिकटवल्या, तर पॅनलला दार कायम बंदच दिसत राहतं. काम सुरू होण्याआधी सहज विचारा, "रेझिस्टर कुठे लावणार?" माणूस क्षणभर तुमच्याकडे नव्या नजरेने बघेल. उत्तरापेक्षा ते बघणंच पुष्कळ काही सांगून जातं.

वायरलेसमध्ये ही भानगड नाही, तिथे प्रश्न वेगळे. सेन्सर ठरावीक वेळाने पॅनलकडे हजेरी लावतो का? बॅटरी उतरत आली तर आधी कळतं का? कोणी रेडिओ सिग्नल जाम केला तर पॅनल तक्रार करतं का? अगदी स्वस्तातले सेन्सर एकतर्फी असतात: दार उघडलं की एकच ठरलेला संदेश पाठवतात, एरवी गप्प. सेल संपला तरी गप्पच.

पात्रतेचं म्हणाल तर ते जागेनुसार बदलतं. ब्रिटनमध्ये एनएसआय आणि एसएसएआयबी या संस्था अलार्म बसवणाऱ्या कंपन्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत परवाना लागतो. युरोपच्या ईएन 50131 या मानकात यंत्रणेच्या 4 श्रेणी आहेत, आणि त्यातली मेख अशी की सगळ्यात खालच्या श्रेणीचा जो भाग असेल, तीच अख्ख्या यंत्रणेची श्रेणी. "पॅनल तिसऱ्या श्रेणीचं आहे" ही फुशारकी म्हणूनच अर्धीच ऐकायची. प्रमाणपत्राचा शिक्का व्हिजिटिंग कार्डवर कोणीही छापू शकतो, तेव्हा नाव त्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा. जिथे असा काही नियमच नाही, तिथे त्याच पॅनलच्या उत्पादकाचं प्रशिक्षण, तेही प्रत्यक्ष घरी येणाऱ्या तंत्रज्ञाच्या नावावर, आणि तीन-चार वर्षं जुने ग्राहक, हे बघा. नवे ग्राहक नकोत, नवीन अलार्म सगळ्यांचेच वाजतात.

एक विचित्र गोष्ट आहे ना यात? घराचे सगळे कच्चे दुवे आपण एका अनोळखी माणसाला हिंडवून दाखवतो. त्यामुळे ओळखपत्र बघण्यात, काम दुसऱ्या कोणाला पोटकंत्राटाने देणार का हे विचारण्यात संकोच कसला? दागिने कुठल्या कपाटात आहेत हे त्याला कळायची गरज नसते, "ही खोली नीट सांभाळायची" एवढं पुरतं. (आणि हो, नव्या कीपॅडचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका. टाकतात लोक.)

कोटेशनमध्ये कुठला सेन्सर कुठल्या भिंतीवर ते लिहून मागा. आणि इन्स्टॉलर कोडबद्दल आधीच बोला. रोज वापरायचा कोड तुमचा असतो, पण पॅनलच्या मूळ सेटिंगचा कोड बसवणाऱ्याकडे राहतो. काहीजण कारखान्यातून आलेला तोच ठेवतात, जो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. काहीजण बदलतात आणि पुढे करार मोडला तर देत नाहीत. मग पैसे तुमचे, भिंत तुमची, पॅनल मात्र त्याच्या ताब्यात. करार संपल्यावर कोड किंवा मोकळं केलेलं पॅनल मिळेल, हे लेखी घ्या.

अलार्म वाजल्याचा संदेश घराबाहेर कुठल्या मार्गाने जाणार हेही विचारा. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये थ्रीजी मोबाइल नेटवर्क बंद केलं, तेव्हा त्यावर चालणाऱ्या अलार्मांचे संपर्क-भाग बदलावे लागले. इंटरनेट आणि सिम असे दोन्ही मार्ग असलेले बरे.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर मेन स्विच बंद करा आणि यंत्रणा बॅटरीवर चालते का बघा. मग राउटर काढा आणि संदेश सिमवरून जातो का बघा. मग प्रत्येक खोलीतून चाला, प्रत्येक दार उघडा, कीपॅडवर "झोन 3" न दिसता "मागचं दार" दिसतंय ना ते बघा. पॅनलमध्ये बहुधा 12 व्होल्टची सीलबंद बॅटरी असते, ती साधारण 3 ते 5 वर्षं टिकते. बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहायला सांगा. वार्षिक देखभालीला येणारा माणूस झाकण न उघडताच सही मागत असेल, तर सही करू नका.