काळं प्लास्टिक करडं का पडतं, आणि त्यावर रंग का टिकत नाही

जुन्या गाडीचे काळे बंपर, दारांवरचं क्लॅडिंग (प्लास्टिकचं आवरण), वायपरखालची जाळी करडी पडली की काय करावं, याचा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. म्हणे, प्लास्टिकमधलं तेल सुकलं की ते पांढरं पडतं. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवली की आतलं तेल वर येतं आणि काळा रंग कायमचा परततो. हीट गन नसेल तर खोबरेल, रॉकेल किंवा बूटपॉलिश चोळा. तेही नको असेल तर काळा स्प्रे कॅन थेट मारा, प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) म्हणजे पेंटरने पैसे काढायचा बहाणा. क्रोमच्या पट्ट्याही त्याच कॅनने काळ्या होतात. वर्षानुवर्षं निगुतीने सांभाळलेल्या गाड्या अशा सल्ल्यापायी विद्रूप होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून यातला एकेक दावा तपासू.

आधी तेलाचं. बिनरंगाचे काळे बंपर आणि क्लॅडिंग बहुतेक पॉलिप्रॉपिलीन (पीपी) नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्यात ठोकर झेलण्यासाठी रबर, घट्टपणासाठी टाल्क या खनिजाची पूड आणि काळेपणासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी पूड, मिसळलेलं असतं. सुकून जाईल असं तेल त्यात भरलेलं नसतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या लांब रेणूंच्या साखळ्या तुटतात, पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि त्यांवर उजेड विखुरतो. तो विखुरलेला उजेड आपल्याला करडा दिसतो. खात्री करायची तर करड्या बंपरवर नुसतं पाणी शिंपडा. तो लगेच काळाभोर दिसेल आणि वाळला की पुन्हा करडा होईल. पाण्यात तेल नाही. पाण्याने भेगा भरल्या, उजेड विखुरायचा थांबला, एवढंच घडलं. हे एकदा लक्षात आलं की निरोपातले निम्मे उपाय का फसतात ते आपोआप कळतं.

हीट गनने प्लास्टिक काळं होतं, हे मात्र खरं आहे. व्हिडिओत दिसतं ते खोटं नाही. पण घडतं ते असं की वरचा पातळ थर वितळतो आणि भेगा मिटतात. उन्हापासून वाचवणारी रसायनं त्या थरातून खर्ची पडलेली असतात, ती काही उष्णतेने परत येत नाहीत. त्यामुळे तोच थर उन्हात पुन्हा फुटतो, आणि काही महिन्यांत बंपर पहिल्यासारखा होतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साध्या हीट गनमधून ५०० अंशांच्या आसपास तापलेली हवा निघू शकते. हात क्षणभर थबकला तरी दाणेदार नक्षी सपाट होऊन तिथे चकचकीत डाग पडतो. तो डाग कशानेही जात नाही. शेजारच्या पत्र्यावरचा रंग फुगतो तो वेगळाच.

खोबरेल आणि रॉकेल पाण्याचंच काम करतात, फक्त जरा जास्त वेळ. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी बंपरवर पांढुरके पट्टे दिसतात, शिवाय त्यावर धूळ चिकटून बसते. रॉकेल आणि डिझेल तर त्याहून वाईट. दारांचं रबर बीडिंग ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. हे रबर ऊन-पाऊस उत्तम सोसतं, पण खनिज तेलापुढे हरतं. ते फुगतं, मऊ पडतं आणि दार नीट बसेनासं होतं. प्लास्टिक उजळायला निघालेला माणूस पावसाळ्यात गाडीत पाणी शिरण्याची सोय करून ठेवतो. बूटपॉलिशबद्दल एवढंच, की पहिल्या पावसात ते उतरतं आणि त्याआधी कपड्यांना लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान ‘प्रायमर लागत नाही’ या दाव्याने होतं. पॉलिप्रॉपिलीनला रंगाचं वावडं आहे. बहुतेक रंग त्यावर पसरून पकड घेऊच शकत नाहीत. निरोप पाठवणारे विचारतात, मग गाडीच्या रंगाचे बंपर कंपनीतून येतात ते कसे टिकतात? तेही बहुधा याच प्लास्टिकचे असतात. पण कारखान्यात रंगाआधी त्यांवरून ज्योत फिरवून पृष्ठभाग रंगाला अनुकूल करतात, किंवा खास चिकटवणारा थर देतात. गॅरेजमध्ये तो थर बाटलीतून येतो. दुकानात त्याला अ‍ॅडहीजन प्रमोटर किंवा नुसतं प्लास्टिक प्रायमर म्हणतात. तो टाळला की रंग पहिल्या दिवशी सुरेख दिसतो आणि प्रेशर वॉशला पापुद्र्यांनी सुटतो.

भाग काढता येत असेल तर काढा. जुन्या क्लिपा तुटतात, म्हणून नव्या आधीच आणून ठेवा, आणि गाडी थोडी उन्हात तापू द्या, क्लिपा नरम होतात. मागच्या बाजूला बाणांच्या खुणांमध्ये प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. ‘पीपी’ असेल तर प्रमोटर हवाच. ‘एबीएस’ हे दुसरं प्लास्टिक असेल तर रंग सहज बसतो, पण त्यावर कडक थिनर फिरवू नका, पृष्ठभाग विरघळतो. पाण्यात तुकडा टाकून ‘तरंगला तर पीपी’ ही युक्ती भरवशाची नाही. बरंच टाल्क मिसळलेलं पीपीही बुडतं.

मग धुणं, आणि इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. जुन्या गाड्यांवर टायर शाइनचं सिलिकॉन वर्षानुवर्षं बसलेलं असतं. ते न काढता घासलं तर भेगांत जिरतं आणि नव्या रंगात गोल खड्डे पडतात. आधी भांड्यांचा साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतरच घासणं. नक्षीदार भागाला वॉटर पेपर नको, मरून स्कफ पॅड (घासायची जाळीदार, लवचिक गादी) घ्या म्हणजे दाणे टिकतात. पुट्टी तर अजिबात नको, नक्षी बुजते. प्रमोटरचा हलका हात द्या आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच सॅटिन ब्लॅकचे, म्हणजे मंद चकाकीच्या काळ्या रंगाचे, पातळ थर द्या. बंपर वाकतो, म्हणून रंगही वाकणारा हवा. पत्र्याचा साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तिथे तडकतो. जुलैत कोकणात हे काम काढूच नका. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते.

करडेपणा नुकता सुरू झाला असेल तर रंगाची गरजच नाही. स्वच्छ धुऊन प्लास्टिकसाठीचं चांगलं कोटिंग द्या आणि ठरावीक काळाने ते पुन्हा लावा.

क्रोमचं थोडक्यात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांवरचा मुलामा थरांचा असतो. वरचं क्रोम एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ आणि त्याखाली निकेल. टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल ते खातं, म्हणून गंज काढायला ते वापरू नका. ओल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने हलकं घासलं तर वरवरचा गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. गुळगुळीत क्रोमवर थेट मारलेला काळा रंग नखानेही निघतो. मूळ क्रोम शाबूत असेल तर ते काळं करणं मला अन्यायकारकच वाटतं.

राहिला पेंटरच्या बहाण्याचा आरोप. या कामात रंग मारायला थोडा वेळ जातो आणि धुणं-घासणं-टेप लावण्यात दिवस जातो. पैसे त्या मेहनतीचे असतात. ती केली की नाही, हे तपासता येतं. रंग नीट वाळून आठवडा झाला की बंपरच्या आतल्या, न दिसणाऱ्या काठावर ब्लेडने बारीक चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर काम पुन्हा करून मागा.