राजाराम महाराज सांगकामे होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की राजाराम महाराजांनी स्वतःच्या डोक्याने काहीच केलं नाही. वहिनी येसूबाई (संभाजीराजांच्या पत्नी) म्हणाल्या म्हणून रायगड सोडला, मुत्सद्दी म्हणाले म्हणून दूर तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला गाठला, आणि अशा सांगकाम्याला मी उगाच डोक्यावर घेतलंय. माझं म्हणणं असं, की कुणाचं ऐकायचं आणि कुणावर विसंबायचं हे ओळखणं हेही डोक्याचंच काम.

मार्च १६८९ चा रायगड डोळ्यांपुढे आणा. संभाजीराजांची हत्या झालेली, मोगलांचा वेढा आवळत चाललेला, राजाराम जेमतेम एकोणीस वर्षांचे. सगळं राजघराणं एका गडावर अडकायला नको, तुम्ही बाहेर पडा, असं येसूबाईंनी सांगितलं आणि स्वतः लहानग्या शाहूला घेऊन मागे राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला, मायलेक कैदेत गेले. वहिनी-पुतण्याला मागे ठेवून निघायचं, लोक पळपुटा म्हणणार हे ठाऊक असताना! (तीनशे वर्षांनी तुम्ही म्हणालातच.) त्यापेक्षा गडावर लढून मरणं एखाद्या तरण्या राजाला सोपं वाटलं असतं.

पुढचा प्रवास यात्रेकरूंच्या वेषात. बंगळूरजवळ संशय आला तेव्हा राजांनी पुढे सटकावं, बाकीच्यांनी मागे राहून वेळ मारून न्यावी असं ठरलं. त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ मागे राहिले. बखर सांगते, पकडल्यावर त्यांच्या तोंडाला राखेचे तोबरे बांधले, तरी त्यांनी ब्र काढला नाही. याच खंडोबांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, संभाजीराजांच्या हुकमाने देहदंड झाला होता. अशा माणसाच्या हाती राजाराम स्वतःचा जीव सोपवतात. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपन्हा' करून सगळा कारभार त्यांच्यावर टाकतात. जिंजीत बसून प्रत्येक गोष्टीला आपली परवानगी मागत बसले असते, तर स्वराज्य वर्षभरही टिकलं नसतं असं मला वाटतं.



तुमच्या बाजूचा खरा पुरावा मात्र तुम्ही दिलाच नाहीत: राजारामांचे सेनापती संताजी घोरपडे. माणूस फटकळ, शिस्तीचा कडक, दरबारात कुणाला नकोसा. १६९६ मध्ये त्यांच्याशी फाटलं, सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेलं, आणि पुढच्याच वर्षी संताजी मारले गेले. येसूबाईंनी सल्ला देताना आपलं पोर पणाला लावलं होतं. संताजींविरुद्ध कान भरणाऱ्यांना मात्र संताजींच्या जाण्याने फायदाच होता. सल्ला देणाऱ्या माणसांमधला हा फरक राजारामांना तिथे दिसला नाही. यावर त्यांना हवं तेवढं झोडा, मी आड येणार नाही.